सोमल आणि रक्ताचा कर्करोग : पोथीतील निर्देश व वेलोर येथील पुरावा

हरताळ म्हणजे काय हे या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगण्याचे कारण नाही. लेखकाची लेखणी चुकली म्हणजे तेवढ्या अक्षरांवर पिवळा लेप द्यावा आणि तो वाळल्यावर त्याजवर शुद्ध पाठ लिहावा, हा परिपाठ आपल्या देशातील हस्तलिखितांत ठिकठिकाणी आढळतो. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आपल्या नित्याच्या बोलण्यात आहेच. किडीपासून कागदाचे रक्षण व्हावे म्हणूनही हरताळ वापरीत. रसायनदृष्ट्या पाहता हा पदार्थ म्हणजे आर्सेनिक या मूलद्रव्याचा गंधकाशी झालेला संयोग होय. मनशीळ ही त्याचीच बहीण. त्याच मूलद्रव्याचा प्राणवायूशी संयोग झाला म्हणजे जो पांढरा पदार्थ होतो तो सोमल. हरताळावर दीर्घकाळ प्रकाश पडत राहिल्यास त्याचा काही अंश पालटून सोमलच बनतो. सबब जुन्या पोथीचे पान थुंकी लावून उलटण्याची सवय ज्यांस असेल त्यांनी ती सोडावी, एवढे जाता जाता सुचवितो.

हा सोमल आज रक्ताच्या एका कर्करोगावर प्रमुख औषध म्हणून मान्य झालेला आहे. त्यावरून असे विधान वारंवार ऐकू येते की, ही विद्या आमच्या रसशास्त्रकारांस पूर्वीच अवगत होती आणि पाश्चात्त्यांनी ती उचलली. संग्राहकांच्या हाती वैद्यकाची बाडे नेहमी येतात व त्यांत सोमलाचे योगही सापडतात. तेव्हा या विधानाची छाननी करणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम पोथीचा पुरावा पाहू. पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९० साली छापलेल्या ‘रसरत्नसमुच्चय’ ग्रंथात हरताळ व मनशीळ यांची गणना उपरसांत आणि गौरीपाषाणाची साधारण रसांत केलेली आहे. गौरीपाषाण म्हणजेच सोमल असे वैद्य मानतात. हे पदार्थ शोधन केल्यावाचून वापरू नयेत, हेही रसशास्त्रात ठासून सांगितलेले आहे. येथवर वाद नाही. आमच्या लोकांस हे द्रव्य, त्याचे विष व त्याचे औषधी गुण ठाऊक होते, हे निर्विवाद होय.

परंतु प्रस्तुत प्रश्न निराळा आहे. ज्या रोगाविषयी आपण बोलत आहो तो रोग या ग्रंथकारांस वेगळा म्हणून ओळखता येणे शक्य नव्हते. रक्तातील पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ हे रोगाचे स्वतंत्र स्वरूप आहे, हे बेनेट व विरशॉ या दोघांनी १८४५ साली सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखविले. सोमल ज्या प्रकारावर विशेष गुणकारी ठरला तो ‘ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया’ हा पोटभेद तर नॉर्वेच्या हिलेस्टाड याने १९५७ साली प्रथम वेगळा काढला. या रोगात अस्थिमज्जेतील पांढऱ्या पेशी अर्धवट वाढीच्या अवस्थेत अडकून पडतात व रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. त्यामुळे रुग्ण बहुधा रक्तस्रावाने, आणि तोही थोड्याच दिवसांत, दगावतो. बाडात ‘रक्तदोष’ किंवा ‘रक्तपित्त’ असा शब्द आढळला म्हणजे तो हाच रोग, असे म्हणणे हे शिलालेखातील तुटक्या नावावरून आपल्या आवडीचा राजा उभा करण्यासारखे आहे.

आता इतिहासाचा क्रम पाहावा. इंग्लंडात थॉमस फाउलर याने १७८६ साली सोमलाच्या एका द्रावणाची माहिती प्रसिद्ध केली. हे द्रावण पुढे दीडशे वर्षे निरनिराळ्या रोगांवर दिले जात होते. जर्मनीत १८६५ साली लिसाउअर याने ते रक्ताच्या कर्करोगात दिल्याचे नमूद केले. पुढे क्षकिरण व नवी औषधे आली आणि ते मागे पडले. चीनमध्ये हार्बिन येथील वैद्य झांग तिंगडाँग व त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या दशकात एका खेडवळ उपायाची परीक्षा केली. त्यात सोमल, पाऱ्याचा एक क्षार व भेकाचे विष अशी तीन द्रव्ये होती. एकेक द्रव्य वेगळे करून पाहता गुण सोमलाचा आहे असे त्यांस आढळले. १९९२ साली हार्बिनच्या मंडळींनी ३२ रुग्णांचा वृत्तांत छापला. त्यांपैकी २१ जणांचा रोग पूर्णपणे ओसरला होता. नंतर शांघायच्या संशोधकांनी, रोग उलटलेल्या १५ रुग्णांपैकी १४ जणांस सोमलाने पुन्हा गुण आल्याचे १९९७ साली प्रसिद्ध केले. लोकांतील उपाय हा येथे आरंभ होता हे खरे. पण त्या उपायाचे तुकडे करून, रुग्ण मोजून, निष्फळ द्रव्ये टाकून दिल्यावरच त्यास औषधाची पदवी मिळाली.

हिंदुस्थानचा खरा वाटा यापुढील आहे, आणि तो पोथीतील नसून वेलोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील आहे. या रोगावर प्रचलित असलेली केमोथेरपी महाग, आणि तिच्यामुळे रुग्णाची प्रतिकारशक्ती खालावून जंतुसंसर्गाने तो दगावण्याचे भयही मोठे. आपल्याकडील पुष्कळ कुटुंबांस हा खर्च व हा धोका दोन्ही पेलत नाहीत. तेव्हा नव्याने रोग झालेल्यांस मुख्यत्वे सोमल हेच एक औषध दिले तर काय होते, हे डॉ. विक्रम मॅथ्यूज व त्यांचे सहकारी यांनी पाहिले. जानेवारी १९९८ ते डिसेंबर २००४ या काळात, जनुकीय तपासणीने रोगाची खात्री झालेल्या ७२ रुग्णांवर हे उपचार झाले. ६२ जणांचा, म्हणजे शेकडा ८६.१ इतक्यांचा, रोग पूर्ण ओसरला. २००६ साली ‘ब्लड’ या नियतकालिकात हा वृत्तांत आला, तेव्हा तीन वर्षांच्या अखेरीस जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ८६ धरले होते. रोग एकदा ओसरल्यावर पुढील औषध रुग्णास दाखल करून न घेताही देता येते, हा गरिबांच्या दृष्टीने मोठाच लाभ.

आमच्या मते या कामाचे सर्वांत मोठे मोल यापुढे आहे. २०१० साली त्याच मंडळींनी त्याच ७२ रुग्णांचा पुढचा वृत्तांत छापला. मध्यम पाठपुरावा २५ महिन्यांचा होता तो आता ६० महिन्यांचा झाला होता. पाच वर्षांच्या अखेरीचे जिवंत राहण्याचे प्रमाण शेकडा ७४.२ आणि रोग न उलटता किंवा अन्य विघ्न न येता राहण्याचे प्रमाण शेकडा ६९ निघाले. काळ वाढला तसा आकडा उतरला, आणि तो उतरलेला आकडाही छापला गेला. बाडातील योगांखाली ‘अनुभविक’ किंवा ‘अनुभवसिद्ध’ असा शेरा असतो. किती जणांस दिला, किती मेले, किती वर्षे पाहिले, हे तेथे नसते. जो बरा झाला त्याचीच आठवण राहते. वेलोरच्या वृत्तांतात ज्यांस गुण आला नाही ते १० जणही मोजलेले आहेत. साधार लेखन म्हणतात ते हेच.

या पुराव्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. तो एकाच रुग्णालयातील होता व तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. ती उणीव इटली व जर्मनी येथील प्रयोगाने बऱ्याच अंशी भरून काढली. रोगाचे स्वरूप फार उग्र नसलेल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडून त्यांनी १५६ जणांचे फलित २०१३ साली प्रसिद्ध केले. सोमल व रेटिनॉइक आम्ल दिलेल्यांत दोन वर्षे निर्विघ्न राहिलेले शेकडा ९७ होते. रेटिनॉइक आम्लाबरोबर केमोथेरपी घेतलेल्यांत शेकडा ८६. म्हणून आज सोमल बहुधा त्या आम्लाच्या जोडीने दिला जातो. सोमल या रोगातील विकृत प्रथिनाच्या एका भागास चिकटून त्याचा नाश करतो आणि अडकलेल्या पेशी पुढे पक्व होऊ लागतात, ही त्याची क्रियाही आता कळलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली त्यास आवश्यक औषधांच्या यादीत घेतले.

हे सर्व शिरेतून, मोजक्या मात्रेने, हृदयाचा आलेख व रक्तातील क्षार वारंवार तपासून दिले जाते. मात्रा चुकली तर तेच द्रव्य घातक. यास्तव बाडातील सोमलाचा योग कोणा रुग्णाच्या हाती देणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ होय. या रोगात दिवस दवडणे हीच मुख्य हानी. जो आठवडाभर पुडी घेत बसला त्यास रुग्णालय गाठण्यास अवधी उरत नाही.

औषधाचे प्रयोग आरंभापूर्वीच नोंदवून ठेवण्याची सरकारी वही, म्हणजे भारतीय चिकित्सा-चाचणी नोंदणी, आपल्या देशात २००७ साली सुरू झाली व १५ जून २००९ पासून ती सक्तीची झाली. प्रयोग फसला तरी त्याची नोंद पुसता येत नाही. तिजवर हरताळ फिरत नाही. आमची संग्राहकांस विनंती इतकीच की, वैद्यकाच्या बाडाचे वर्णन करताना योगातील द्रव्ये, मात्रा, रोगाचे नाव व हस्ताक्षराचा काळ मूळ शब्दांत उतरून घ्यावा, त्यापुढे आजच्या रोगाचे नाव जोडू नये, आणि योग खरा की खोटा हा निर्णय रुग्ण मोजणाऱ्यांकडे सोपवावा. द्रव्याच्या वापराची साक्ष पोथी उत्तम देते. रोग बरा झाल्याची साक्ष मात्र वेलोरसारख्या नोंदींकडेच मागितली पाहिजे.