पोटाच्या डायलिसिसचे वापरलेले पाणी

धाराशिव जिल्ह्यात पाणी सहसा कोणी वाया घालवीत नाही. भांडी विसळलेले पाणीही परसातल्या झाडांच्या आळ्यात जाते. सवय चांगलीच आहे. परंतु घरी पोटाचे डायलिसिस करणाऱ्या ज्येष्ठांच्या पिशवीतील द्रवाला ती लागू करू नये, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

आठवड्यातून दोन-तीन वेळा प्रवास करून डायलिसिस केंद्र गाठणे ज्यांना झेपत नाही, त्यांना ही पद्धत मोठा आधार ठरते. पोटातील नळीवाटे सुमारे दोन लिटर द्रव आत सोडावयाचा, चार-सहा तास राहू द्यावयाचा आणि मग बाहेर काढावयाचा. बहुधा दिवसातून तीन-चार वेळा. तेवढ्या वेळात उदराच्या पातळ पडद्यातून रक्तातील टाकाऊ द्रव्ये त्यात उतरतात.

बाहेर आलेला द्रव फिकट पिवळसर आणि नितळ दिसतो. फसगत होते ती इथेच. रुग्णाच्या रक्तात हिपॅटायटिस बी, सी किंवा एचआयव्हीचे विषाणू असतील, तर ते या द्रवातही येऊ शकतात. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, अशा पिशवीतील द्रवात एचआयव्ही सात दिवसांपर्यंत टिकून राहिल्याचे आढळले. हिपॅटायटिस बीचा विषाणू तर वाळलेल्या डागातही आठवडाभर तग धरतो. म्हणून तपासणीचा अहवाल काहीही असो, या द्रवाला रक्तासारखेच मानावे.

धडधाकट त्वचेतून हे विषाणू शिरत नाहीत. त्यांना वाट मिळते ती जखमेतून, डोळ्यांतून, तोंडातून. शेतात राबून हातांना भेगा पडलेली सून किंवा मुलगा पिशवी रिकामी करीत असेल, तर हातमोजे हवेतच. द्रव शौचकूपात, अगदी खालून, शिंतोडे न उडविता ओतावा आणि वर भरपूर पाणी टाकावे. स्वयंपाकघरातील मोरी, अंगण, उघडी नाली वर्ज्य. (त्यात ग्लुकोज असते, अंगणात ओतल्यास मुंग्याही जमतील.) रिकामी पिशवी व नळी दुहेरी पिशवीत घट्ट बांधावी आणि ती कोठे द्यावयाची, हे आपल्या डायलिसिस केंद्रात विचारून घ्यावे.

फरशीवर सांडल्यास जुन्या कापडाने टिपून, एक भाग ब्लीचमध्ये नऊ भाग पाणी घालून ती जागा दहा मिनिटे ओली ठेवावी. ब्लीचमध्ये शौचालयाचे अ‍ॅसिड मात्र कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

ओतण्यापूर्वी पिशवी उजेडात धरून पाहावी. द्रव गढूळ दिसला, तर तो फेकू नये. पिशवी तशीच ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. पोटातील जंतुसंसर्गाची ती पहिली खूण असू शकते आणि तपासणीसाठी तोच द्रव लागतो.

ही सावधगिरी द्रवापुरतीच असावी. हिपॅटायटिस बी असलेल्या आजोबांचे ताट वेगळे मांडणे, नातवंडांना त्यांच्या मांडीवर बसू न देणे, याला काहीच आधार नाही. एकत्र जेवल्याने किंवा मिठी मारल्याने हा आजार पसरत नाही. दाढीचे पाते, नखे कापण्याचे साधन आणि दात घासण्याचा ब्रश तेवढा स्वतंत्र असावा. शिवाय घरातील प्रत्येकाने हिपॅटायटिस बीची लस घ्यावी. प्रौढांना सामान्यतः तीन मात्रा दिल्या जातात: पहिली आज, दुसरी महिन्याने, तिसरी सहाव्या महिन्यात. स्वतः रुग्णाला लसीची मात्रा अधिक लागते. ती मूत्रपिंडतज्ज्ञच ठरवितात. हिपॅटायटिस सीवर लस नाही. मात्र आता गोळ्यांनी तो बहुतेक रुग्णांत पूर्ण बरा होतो.