ताहितीचा दाब, पूर्णाकाठचा पाऊस

मराठवाड्यातल्या केदारखेड्यात पूर्णा नदीच्या पात्राला जुलैतही पाणी आले नाही, तर काठावरच्या कपाशी-सोयाबीनचे काही खरे नसते. पावसाने अशी ओढ का दिली, याचा माग पार प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटापर्यंत जातो.

ताहिती हे फ्रेंच पॉलिनेशियातले सर्वांत मोठे बेट. आपली काळी माती ज्या ज्वालामुखी खडकाची, तशाच खडकाचे. मधोमध २,२४१ मीटर उंचीचे ओरोहेना शिखर. कळसूबाईहून जवळपास सहाशे मीटर उंच. पूर्वेकडून येणारे व्यापारी वारे या डोंगरांना धडकतात आणि तो किनारा चिंब होतो. पावसाळा नोव्हेंबर ते एप्रिल.

फ्रान्सने १८४२ मध्ये हे बेट संरक्षणाखाली घेतले, १८८० मध्ये वसाहतच केली. आज राजधानी पापीतेत ५७ सदस्यांची निवडून आलेली विधानसभा आहे, स्वतःचे अध्यक्ष आहेत. शाळा, आरोग्य, कर त्यांच्या हाती. संरक्षण, न्याय आणि चलन मात्र पॅरिसकडे. म्हणजे स्वायत्तता आहे, पण अर्धीच. बेटांवरच्या हवामानाच्या नोंदी ठेवते तीही फ्रान्सचीच हवामान संस्था.

या नोंदींचे मोल भारताला फार. १८९९ च्या भीषण दुष्काळानंतर, १९०४ मध्ये, गिल्बर्ट वॉकर भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झाले. मान्सूनचा अंदाज बांधायला त्यांनी जगभरचे आकडे पडताळले. प्रशांत महासागरात दाब वाढला की हिंदी महासागराकडे उतरतो, हा झोका त्यांना त्यात सापडला. आता तो ताहिती आणि ऑस्ट्रेलियातले डार्विन यांच्या दाबातल्या फरकावरून मोजतात.

एरवी ताहितीला दाब जास्त, डार्विनला कमी. त्यामुळे वारे पश्चिमेकडे वाहतात, कोमट पाणी इंडोनेशियाजवळ साठते, ढग तिथे चढतात. काही वर्षी ही घडी विस्कटते, तो एल निनो. त्यात ताहितीचा दाब घसरतो, वारे मंदावतात, कोमट पाण्याबरोबर ढगही पूर्वेला सरकतात. मग भारतावर हवा खाली दबते आणि ढग नीट वाढत नाहीत. २०१५ मध्ये हेच झाले. मराठवाड्यात सरासरीपेक्षा सुमारे ४० टक्के पाऊस कमी पडला. उलट १९८३ च्या एल निनोत ताहितीलाच वादळांनी झोडपले.

तरीही १९९७ च्या जबर एल निनोत देशाचा पाऊस सरासरीइतका झाला, हे विसरू नये. म्हणून शेतकऱ्यांनी एल निनोची बातमी उन्हाळ्यातच जरूर वाचावी, पण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल मुरल्याशिवाय पेरणीची घाई करू नये.