बालकांचे रक्तसंक्रमण आणि देयकातील नोंदी

"बाळाला शंभर मिलिलिटर रक्त दिले, मग आकारणी पूर्ण पिशवीची कशी?" असा प्रश्न पालक आम्हांस नेहमी विचारतात, आणि तो रास्त आहे.

आपल्या देशात रक्ताची विक्री करता येत नाही. देयकात दिसते ते प्रक्रिया शुल्क होय. बालकास साधारणतः वजनाच्या दर किलोमागे १० ते १५ मिलिलिटर तांबड्या पेशी दिल्या जातात. तथापि एचआयव्ही, कावीळ 'ब' व 'क', सिफिलिस आणि मलेरिया या तपासण्या त्या पिशवीसाठी पूर्णच कराव्या लागतात. एकदा उघडलेली पिशवी दुसऱ्या रुग्णास देता येत नाही. म्हणून प्रक्रिया शुल्क, रक्त देण्याचा संच व शुश्रूषा यांची आम्ही स्वतंत्र नोंद करतो.

थॅलेसेमियाग्रस्त बालकांना आम्ही प्रक्रिया शुल्क लावीत नाही. मात्र निदानाचा 'डी ५६' हा कोड नोंदविण्याचे राहिल्यास संगणक सर्वसाधारण दर लावतो आणि वारंवार रक्त लागणाऱ्या कुटुंबावर नाहक भार पडतो. यास्तव अशा प्रत्येक देयकाची रक्तपेढीच्या नोंदवहीशी पडताळणी केल्याविना ते पालकांच्या हाती देऊ नये, असा दंडक आम्ही घातला आहे. पालकांनीही बालकाचे ओळखपत्र दाखल करतेवेळीच दाखवावे, ही विनंती.