जवळच्या वाटा (लेखांक ७) : कसारा लोकल बंद होती तेव्हा

माळशेजवर या आठवड्यात लिहीन असं कबूल केलं होतं, ते आता पुढच्या आठवड्यात. डोंबिवलीच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आणि मी तिथेच थांबलो. कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात गावांनी वेशी कशा बंद केल्या, रस्त्यावर काटेरी फांद्या आणि दगड कसे टाकले, ते मागच्या लेखात वाचून त्या विचारतात : ‘‘गावं बंद होती, पटलं. पण २०२०च्या मे-जूनमध्ये आमच्या स्टेशनाबाहेर ना करवंदं आली, ना शेवळं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. ती विकणाऱ्या बायका आजाराला घाबरून आल्या नाहीत, की गावानं त्यांना सोडलं नाही?’’

भीती होती, गावाचा धाकही होता. पण त्या आल्या नाहीत याचं मोठं कारण असं की कसारा लोकल त्यांच्यासाठी बंद होती. आणि हे कळलं की शहापूर-मुरबाडच्या पर्यटनाचं त्या दोन वर्षांत नेमकं काय झालं, याचाही बराचसा उलगडा होतो. म्हणून आजचा सगळा लेख या एका गाडीवर.

वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा या स्थानकांवर पहाटेच्या गाड्यांना जे चढतात त्यांच्यात नोकरदारांबरोबर डोक्यावर पाटी घेतलेल्या कातकरी, ठाकर, वारली बायका असतात. एप्रिल-मेमध्ये करवंदं आणि जांभळं, पाऊस टेकला की शेवळांच्या जुड्या, मग टाकळा, कुरडू, कंटोळी, शिवाय पळसाची पानं. कल्याण, डोंबिवली, ठाणे, काही जणी थेट दादरपर्यंत. मुरबाडला रेल्वे नाही, तिथल्या बायका एसटीनं किंवा वडापच्या जीपनं कल्याण गाठतात. रानातला माल रात्रभर टिकत नाही, म्हणून पहिली गाडी मिळाली तरच धंदा होतो.

आता तारखा पाहा. २२ मार्च २०२०च्या जनता कर्फ्यूनंतर लोकल थांबली. १५ जूनला सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. २१ ऑक्टोबरला सगळ्या महिलांना मुभा मिळाली, पण सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. सकाळी अकराला आसनगावहून निघून भाजी कुणाला विकायची? १ फेब्रुवारी २०२१ला सर्वांना परवानगी आली : पहिल्या गाडीपासून सकाळी ७ पर्यंत, दुपारी १२ ते ४, आणि रात्री ९ नंतर. या वेळा मात्र पाटीवाल्या बायकांना चालण्यासारख्या होत्या. पण एप्रिलमध्ये दुसरी लाट आली, सामान्य प्रवाशांना पुन्हा बंदी झाली, आणि ती बरोबर करवंदांच्या हंगामात. सलग दोन उन्हाळे असे गेले. ताई, तुमच्या स्टेशनाबाहेरची जागा रिकामी राहिली ती यामुळे.

आता याच गाडीची उलटी फेरी बघू. रविवारी पहाटे मुंबईहून सुटणाऱ्या कसारा लोकलमध्ये सॅक अडकवलेली पोरं-पोरी असतात. आसनगावला उतरायचं, शेअर रिक्षानं पाच-सहा किलोमीटरवरचं माहुली गाव गाठायचं, तिथल्या एखाद्या घरी पोहे-चहा घ्यायचा, दुपारच्या जेवणाचं सांगून ठेवायचं आणि चढायला लागायचं. पळसगड, माहुली, भंडारगड असं त्रिकूट असलेला हा ठाणे जिल्ह्यातला किल्ला. १६३६ मध्ये शहाजीराजांनी निजामशाहीची शेवटची झुंज इथूनच दिली. खाली आल्यावर तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, आणि संध्याकाळची लोकल. कसाऱ्याला उतरणारे विहिगावच्या धबधब्याकडे जातात. २००१च्या ‘अशोका’ चित्रपटाचं चित्रीकरण तिथे झालं आणि धबधब्याला तेच नाव चिकटलं. मुरबाडकडे जाणारे कल्याणहून एसटी धरतात, कुणी देहरीला उतरून गोरखगड, कुणी वैशाखरे ओलांडून नाणेघाट, कुणी सिद्धगड. २ जानेवारी १९४३ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले तो हा सिद्धगड. आजही त्या दिवशी तिथे माणसं जमतात.

या प्रवाशाचा खर्च तपासून बघा. तिकिटाला फार पैसे लागत नाहीत. उरलेलं सगळं गावात जातं : रिक्षावाला, पोहेवाली, वाटाड्या, जेवण करणारं घर. रक्कम लहान, पण पाच-सहा घरांत वाटली जाणारी.

महामारीत हाच प्रवासी नाहीसा झाला. फेब्रुवारी २०२१ मधलं वेळापत्रक त्याच्या बाजूनं लावून बघा. पहाटेची गाडी मिळाली, माहुली झाली, पाच वाजता आसनगावला परतलात, आता रात्री नऊपर्यंत स्टेशनाबाहेर बसा. पुढे १५ ऑगस्ट २०२१ला दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना लोकल खुली झाली. पण डोंगरात जाणारी मुलं विशी-तिशीतली. त्यांचं लसीकरण १ मेला सुरू झालं आणि लस अपुरी म्हणून राज्यानं ते त्याच महिन्यात थांबवलं, जूनच्या उत्तरार्धात पुन्हा सुरू केलं. कोविशिल्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचं अंतर. म्हणजे जूनअखेरीस पहिला डोस मिळालेल्या मुलाला लोकलमध्ये पाय ठेवायला ऑक्टोबर उजाडला, पावसाळा सरला. त्यातही सुरुवातीला मिळायचा तो फक्त महिन्याचा पास, एका दिवसाचं तिकीट नाही. एका रविवारसाठी महिन्याचा पास कोण काढणार? सुटं तिकीट सुरू झालं ऑक्टोबरच्या अखेरीस. आणि त्याच दिवसांत एसटी कर्मचाऱ्यांचा विलीनीकरणाचा संप सुरू झाला, नोव्हेंबरात तो राज्यभर पसरला आणि एप्रिल २०२२ पर्यंत चालला. आसनगाव-कसारा सुटलं, पण मुरबाडची दारं बंदच राहिली. ज्या तालुक्याला रेल्वे नाही, त्याच्यासाठी महामारी बाकीच्यांपेक्षा सहा महिने जास्त चालली, असं मी मानतो.

या काळात आलं कोण? स्वतःची मोटार असलेले गाडीवाले आले. प्रवासाच्या सवयींच्या ज्या पाहण्या तेव्हा झाल्या, त्यांत लोकांनी जगभर साधारण एकच सांगितलं : जवळ जाऊ, स्वतःच्या गाडीनं जाऊ, मोकळ्या हवेत जाऊ, ओळखीच्यांबरोबर जाऊ. या मतावर माझा आक्षेप नाही. ज्याच्या घरात म्हातारे आईवडील आहेत त्यानं आणखी काय करायचं? पण आपल्याकडे ‘जवळ’ कुठपर्यंत हे मनानं ठरलंच नाही, ते आदेशानं ठरलं. खासगी गाडीनं जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागायचा. शहापूर आणि मुरबाड ठाणे जिल्ह्यात. त्यामुळे ठाण्याच्या माणसाला माहुलीला यायला पास नको आणि शेजारच्या मुलुंडच्या माणसाला हवा. जुलै २०२० मध्ये ठाणे, कल्याण-डोंबिवलीतच कडक टाळेबंदी लागली, तेव्हा ठाणेकरही अडकले. २० ऑगस्टला जिल्ह्याबाहेर जाणारी एसटी सुरू झाली, तिला पास नको होता, पण मोटारीला २ सप्टेंबरपर्यंत हवाच होता. कुणी कधी यायचं हे असं आठवड्याआठवड्याला बदलत होतं, आणि त्यावरून लोकांची ‘आवड’ मोजायची म्हणजे उपासाच्या दिवशीचं ताट बघून माणसाला साबुदाणा फार आवडतो असं लिहून ठेवण्यासारखं आहे.

गाडीवाल्याला काय हवं होतं, ते मी त्या दोन पावसाळ्यांत खूप जणांशी बोलून समजून घेतलं. त्याला माणूस नसलेली जागा हवी होती. धबधब्यांवर आणि धरणांवर जमावबंदीचे आदेश असत, पोलीस फाट्यावर उभे असत, म्हणून तो आडवाटेचे ओहोळ शोधत आत शिरे. डबा घरचा, पाणी घरचं, सॅनिटायझर खिशात. टपरीवरचा चहाही नको. गावातल्या माणसाला वाटे हा आजार घेऊन आला, आणि याला वाटे गावातल्या माणसानं मास्क लावलेला नाही. दोघेही एकमेकांपासून लांब उभे. दिवस संपला की गावाच्या वाट्याला येई तो ओढ्यातला कचरा. हे मला तेव्हाही खटकत होतं, आजही खटकतं, कारण भातसा, तानसा, वैतरणा, मोडकसागर यांचं पाणी याच रानातून मुंबईला जातं.

दुसरा प्रकार अख्खं फार्महाऊस घेणाऱ्यांचा. एकच कुटुंब, एकच बंगला, स्वयंपाकाला गावातली एक बाई, तिलाही फाटकापाशी ताप मोजून आत घ्यायचं. यात पैसा चांगला होता. पण तो मालकाकडे जाई, आणि मालक बहुतेक वेळा शहरातला. राज्याचं कृषी पर्यटन धोरण याच काळात, सप्टेंबर २०२० मध्ये आलं. ते शेतकऱ्यासाठी आहे आणि मला ते मनापासून हवं होतं. मात्र दोन खोल्या बांधून पाहुणा ठेवायला भांडवल लागतं. कातकरीवाडीतल्या बाईकडे ते नाही, तिच्याकडे फक्त चूल आणि हाताची चव आहे.

इथे एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही, विषय थोडा बाजूला गेला तरी. ज्या महिन्यांत शहरातला पाहुणा शहापूरच्या हातचा चहा घेत नव्हता, त्याच महिन्यांत तो शहापूरची गुळवेल पीत होता. इथल्या कातकरी तरुणांनी आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेमार्फत वन धन योजनेतून गुळवेल गोळा करून, वाळवून विकायचं काम उभं केलं होतं. काढ्याची मागणी वाढली आणि त्यांना डाबर, बैद्यनाथ, हिमालया अशा कंपन्यांकडून ३५० टनांची, १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी आली. त्या मुलांबद्दल मला फार अभिमान वाटतो. त्यांनी टाळेबंदीत बाजार शोधला. पण त्यातून एक गोष्ट उघड झाली : शहरानं या रानावर विश्वास ठेवला, रानातल्या वस्तूवर ठेवला, फक्त समोर उभ्या माणसावर ठेवला नाही. डबीत बंद होऊन आलेली गुळवेल चालली, त्याच हातांनी दिलेली भाकरी चालली नाही.

साथीत माणसाला माणसाचं भय वाटणं नवं नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा लाखो लोक शहर सोडून गेले आणि कल्याण स्थानकावर गाड्यांतल्या प्रवाशांची तपासणी होऊ लागली. त्या वेळी, १८९७ मध्ये केलेला साथरोग कायदाच मार्च २०२० मध्ये पुन्हा वापरला गेला. फरक एवढाच की तेव्हा गाडी चालू होती आणि माणूस तपासला जाई. या खेपेला गाडीच थांबली, आणि घरी जायला निघालेले मजूर मुंबई-नाशिक महामार्गानं कसारा घाट पायी चढले. त्यांना शहापूर तालुक्यातल्या गावांनी पाणी आणि जेवण दिलं. वेशीवर फांद्या टाकणारे आणि महामार्गावर भात वाढणारे यांत एकच माणसं होती, हे पाहुण्यांनी लक्षात ठेवावं.

एप्रिल २०२२ मध्ये निर्बंध उठले तेव्हा काय झालं? गाडीवाल्यांतले बरेच जण लांबच्या सहलींना लागले, गोवा, काश्मीर, जमेल तिथे. त्यात चूक काही नाही, दोन वर्षं कोंडलेला माणूस लांब जाणारच. लोकलवाले मात्र परत आले, कारण त्यांच्यासाठी माहुली हा नाइलाज कधीच नव्हता, तो त्यांचा नेहमीचा रविवार होता. शिवाय काही नवे गाडीवालेही टिकले. कोण टिकले ते मी शोधत राहिलो, आणि जिथे जिथे गेलो तिथे उत्तर एकच मिळालं : ज्यांनी दुसऱ्या वर्षी कधीतरी घरचा डबा न आणता गावात जेवायचं धाडस केलं, ते. पानावर भाकरी वाढणाऱ्या घराचा फोन नंबर त्यांच्याकडे आहे, ते येण्याआधी फोन करतात, किती माणसं ते सांगतात. ज्यांनी फक्त ओढा पाहिला, त्यांना दुसरा ओढा कुठेही मिळतो.

म्हणून जवळच्या पर्यटनाला उत्तेजन द्यायचं असेल तर माझी मागणी रिसॉर्टची नाही. कसाऱ्याकडे रविवारी पहाटेच्या आणि संध्याकाळच्या लोकल वाढवा. कल्याणहून मुरबाडच्या आतल्या गावांना, देहरी, धसई, टोकावडे, मोरोशीकडे, सकाळी जाणारी आणि काळोख पडायच्या आत परतणारी एसटी नक्की ठेवा. कल्याण-मुरबाड रेल्वेची वाट आम्ही बघतोच आहोत. याच गाड्यांनी पाहुणा येईल आणि याच गाड्यांनी पाटी घेतलेली बाई बाजाराला जाईल.

ताई, तुम्हाला विनंती एवढीच. या पावसाळ्यात माहुलीला येणार असाल तर लोकलनं या, आसनगावला उतरा, डबा आणू नका. आणि शेवळं घ्यायची झाली तर जूनच्या पहिल्या पावसानंतर लगेच विचारा, ती फार दिवस मिळत नाहीत. माळशेज पुढच्या आठवड्यात.