रोबो पाऊल टाकून घेतो, पण कोणाचं?

"मुंबईत रोबो माणसाला चालवतो म्हणे, खरं का?" घरात कुणाला लकवा झाला की हा प्रश्न निघतोच. मागोमाग दुसरा येतो, त्यासाठी दागिने मोडायचे का? आज दोन्हींवर बोलू.

लकव्यात बिघाड पायात नसतो, मेंदूत असतो. मेंदूच्या एखाद्या भागाचं रक्त अडतं किंवा तिथे रक्तस्राव होतो आणि पायाला जाणारा हुकूम तुटतो. पण मेंदूचा दुसरा भाग ते काम थोडंफार शिकू शकतो. त्यासाठी तीच हालचाल पुन्हा पुन्हा करावी लागते. लहान मूल पडत-उठत चालायला शिकतं, तसंच.

आता ज्याला उभंच राहता येत नाही, त्याच्याकडून शेकडो पावलं कशी टाकून घ्यायची? दोन-तीन फिजिओथेरपिस्ट वाकून हाताने पाय उचलत आणि थकून जात. म्हणून स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या बालग्रिस्ट रुग्णालयात नव्वदच्या दशकात 'लोकोमॅट' हे यंत्र तयार होऊ लागलं. यात माणसाला छाती-कमरेच्या पट्ट्यांनी वरून तोलून धरतात. खाली पट्टा सरकत असतो. पायांना बांधलेल्या आधारात कंबर आणि गुडघ्यापाशी मोटारी असतात, त्या पाय पुढे नेतात. रुग्ण स्वतः जोर लावू लागला की यंत्राची मदत कमी करत नेतात. नुसतं लोंबकळून फायदा नाही. आपल्याकडे केरळच्या जेनरोबोटिक्स कंपनीने 'जी-गेटर' नावाचं असंच यंत्र बनवलं आहे.

फायदा होतो का? जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा निष्कर्ष असा: नेहमीच्या व्यायामासोबत यंत्र वापरलं, तर आधाराशिवाय चालू लागण्याची शक्यता वाढते. जास्त फायदा होतो तो पहिल्या तीन महिन्यांत, आणि ज्यांना अजिबात चालता येत नाही त्यांना. थोडंफार चालणाऱ्याने यंत्रासाठी कर्ज काढण्याआधी दहादा विचार करावा.

पाय लुळा पडण्याचं कारण प्रत्येक वेळी मेंदूतच असतं असंही नाही. मुंबईत वडाळ्याला महापालिकेचं अॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे, १८९० साली सुरू झालेलं. कुष्ठरोगातही पाऊल लुळं पडतं, बोटं जमिनीला घासतात. पण तिथे मेंदू ठणठणीत असतो, गुडघ्याजवळची नस दुखावलेली असते. नुसती पावलं टाकून ती बरी होत नाही. पाय बधिर असेल तर पट्टा घासला तरी कळत नाही, जखम होते. त्याचे उपाय वेगळे: सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारं औषध, पाऊल उचलून धरणारी पट्टी, मऊ रबराची चप्पल आणि गरज पडली तर शस्त्रक्रिया. पायावर बधिर चट्टा दिसला तर लपवू नका, आशाताईंना दाखवा.

म्हणून डॉक्टरांना आधी विचारा: बिघाड मेंदूत, मणक्यात की पायाच्या नसेत? मग विचारा: आमच्या माणसाला यंत्राने काय साधेल? किती वेळा यावं लागेल? एकूण खर्च किती? घरी काय करायचं? मुंबईत हाजी अलीला पुनर्वसनासाठी केंद्र सरकारची संस्था आहे. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांना भेटून मदतीच्या योजना विचारा.

यंत्र मिळालं नाही म्हणून सगळं संपलं असं नाही. फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतलेलं खुर्चीतून उठणं-बसणं, धरून उभं राहणं, दिवसातून अनेकदा करवून घ्या. लुळ्या हाताला धरून ओढू नका, खांदा दुखावतो. नुसत्या मालिशीत आणि झाडपाल्यात पहिले तीन महिने घालवू नका. आणि हे सगळं एकट्या सुनेच्या कंबरेवर टाकू नका. मुलगा, जाऊ, शेजारीण, गटातल्या बाया, पाळ्या लावा.

शेवटचं एक ध्यानात ठेवा. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर लगेच १०८ ला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. वेळेत पोहोचलेल्या माणसाचा पाय वाचण्याची आशा जास्त.