थंडावा मिळतो, पण किती विजेत? शीतयंत्रांच्या बिघाडाबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

राळेगाव तालुक्याची ओळख कापसाची. मे महिन्यात मात्र पारा 44-45 अंशांवर गेला, की इथलं बरंच काही थंडाव्यावर तगून असतं. संकलन केंद्रातलं दूध 4 अंशांपर्यंत थंड करावं लागतं, लसी 2 ते 8 अंशांत राहाव्या लागतात. हे सांभाळणाऱ्या यंत्रांत चूक झाली, तर नासतं ते शेतकऱ्याचं दूध आणि वाया जाते ती लेकरांची लस. म्हणून बिघाड नेमका कुठे आहे आणि तो किती महागात पडतो, हे कळायला हवं. याच प्रश्नासाठी उष्मा-आर्थिक विश्लेषण ही पद्धत वापरता येते.

तिचा पाया साधा आहे. ऊर्जेतून जास्तीत जास्त किती काम मिळू शकतं, ते मोजणाऱ्या राशीला एक्सर्जी म्हणतात. हे नाव झोरान रांट यांनी 1956 मध्ये दिलं. पुढे 1960च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रॉबर्ट इव्हान्स आणि मायरन ट्रायबस यांनी समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या संयंत्रांचा अभ्यास करताना तिला खर्चाच्या हिशेबाशी जोडलं. 1986 मध्ये स्पेनच्या सारागोसा येथील अंतोनियो वालेरो आणि सहकाऱ्यांनी यंत्राच्या प्रत्येक भागाचा वेगळा हिशेब मांडण्याची रीत बसवली.

गैरसमज 1: गार होतंय ना, मग मशीन ठीक आहे.

वस्तुस्थिती: थर्मोस्टॅट ठरलेलं तापमान येईपर्यंत कॉम्प्रेसर चालू ठेवतो. उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरची जाळी धुळीने बुजली तरी आकडा 4 अंशच दाखवतो. फक्त तिथे पोहोचायला यंत्र जास्त वेळ चालतं. कंडेन्सरमधलं तापमान 1 अंशाने चढलं, की विजेचा खर्च साधारण 2 ते 3 टक्क्यांनी वाढतो. म्हणजे बिघाड तापमानात दिसण्याआधी विजेच्या युनिटमध्ये दिसतो.

गैरसमज 2: थंडावा कमी झाला, म्हणजे गॅस भरायला झाला.

वस्तुस्थिती: गॅस बंद नळ्यांत फिरतो, तो वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर गळती आहे, आणि ती न बुजवता भरलेला गॅस पुन्हा जाणार. शिवाय बर्फ साचलेली कॉइल किंवा चोक झालेला फिल्टर ड्रायरही थंडावा कमी करतो. गॅस कमी असेल तर कंडेन्सरमधून निघणारा द्रव नेहमीइतका थंड झालेला नसतो. ड्रायर चोक असेल तर तो सहसा नेहमीइतका किंवा जास्तच थंड असतो. कॉम्प्रेसरकडे परतणारी वाफ मात्र दोन्ही वेळा जास्त तापलेली दिसते. नळ्यांची तापमानं आणि दोन्ही बाजूंचे दाब न पाहता गॅस भरला आणि तो गरजेपेक्षा जास्त झाला, तर कंडेन्सरमधला दाब वाढून वीज आणखी खाल्ली जाते.

गैरसमज 3: जो भाग तापतो, तोच बिघडलेला.

वस्तुस्थिती: बैलजोडीतल्या एकाच्या खुरात काटा रुतला, की ओढ दुसऱ्यावर येते, धापा टाकणारा बैल आजारी असतोच असं नाही. कंडेन्सर घाण झाला की दाब चढतो आणि कॉम्प्रेसरला जास्त दाबून काम करावं लागतं. तो तापतो, आवाज करतो, आणि दोष त्याच्या माथी बसतो. मूळ कारण तसंच राहिलं, तर नव्या कॉम्प्रेसरवरही तोच ताण येतो.

उष्मा-आर्थिक विश्लेषणाचं खरं बळ इथे आहे. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन वॉल्व्ह, कॉइल या प्रत्येकाने किती एक्सर्जी घेतली आणि किती पुढे दिली, हे निरोगी अवस्थेशी ताडून पाहतात. त्यातून भागाचा स्वतःचा बिघाड आणि दुसऱ्यामुळे त्याच्यावर लादला गेलेला बिघाड वेगळे काढता येतात.

गैरसमज 4: नुकसान कुठेही झालं, तरी किंमत सारखीच.

वस्तुस्थिती: समजण्यापुरते आकडे घेऊ. विजेची 100 एककं घेणाऱ्या यंत्रात वाटेतली घट वजा जाऊन थंडाव्याच्या रूपात एक्सर्जीची 25 एककं उरली. म्हणजे तिथलं प्रत्येक एकक विजेच्या 4 एककांना पडलं. टाकीच्या फाटक्या इन्सुलेशनमधून किंवा ढिल्या झाकणातून त्यातलं 1 एकक गेलं, तर ते भरून काढायला 4 एककं वीज लागते. वस्तू जितकी तयार होत येते, तितका तिच्यावर आधीच झालेला खर्च जास्त. झाकणाचं रबर बदलणं क्षुल्लक वाटतं, पण हिशेबात त्याचा नंबर बराच वर लागू शकतो.

गैरसमज 5: उन्हाळ्यात बिल वाढतंच, त्यात बिघाड काय शोधायचा?

वस्तुस्थिती: थोडं वाढणार हे खरं, आणि ते किती हेही काढता येतं. 4 अंशांवरून 1000 किलोज्यूल उष्णता बाहेर टाकायला, बाहेर 30 अंश असताना निसर्गनियमाने किमान 94 किलोज्यूल काम लागतं. 45 अंशांना तेच 148 होतं. ही वाढ उन्हाची. त्यापलीकडची वाढ तपासायची. म्हणून मे महिन्याची तुलना डिसेंबरशी करू नये. तितक्याच उन्हात, तितकंच दूध असताना निरोगी यंत्राने किती वीज घेतली होती, त्याच्याशी करावी.

गैरसमज 6: संगणकाला आकडे दिले, की बिघाड आपोआप सापडतो.

वस्तुस्थिती: पद्धतीला मर्यादा आहेत. 2013 मध्ये इटलीतल्या अंतोनियो पियाचेंतिनो आणि मारिया तालामो यांनी 120 किलोवॉटच्या हवेने थंड होणाऱ्या यंत्रावर एकाच वेळी अनेक बिघाड असताना ही पद्धत पारखली आणि तिच्या क्षमतेबरोबर उणिवाही मांडल्या. बिघाड एकमेकांत मिसळले, की खुणाही मिसळतात. मोजमाप चुकलं तर निष्कर्षही चुकतो. शिवाय छोट्या यंत्राला सगळे सेन्सर लावणं परवडत नाही.

तरीही या पद्धतीची शिस्त एका वहीत मावते. रोज बाहेरचं तापमान, आलेलं दूध, थंड व्हायला लागलेला वेळ आणि मीटरचं रीडिंग लिहावं. यंत्र नवं किंवा नुकतंच दुरुस्त झालेलं असतानाच नोंदी सुरू कराव्यात, म्हणजे तुलनेला आधार राहतो. तेवढ्याच उन्हात दर 100 लिटरमागे युनिट वाढू लागले, की आधी जाळी, पंखा, झाकण आणि बर्फ पाहावा. मग मेकॅनिकला दाब आणि नळ्यांची तापमानं मोजायला सांगावीत. गॅस आणि कॉम्प्रेसरचा निर्णय त्यानंतरचा. दूध उत्पादकाच्या हातात आधीच थोडं उरतं. मोजमाप न करता केलेल्या दुरुस्तीवर ते घालवणं त्याला परवडणारं नाही.