मनातली देवराई

'पेगन' म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना इंग्रजी सिनेमातले काळे झगे, मेणबत्त्या आणि पौर्णिमेचा चंद्र आठवतो. मूळ लॅटिन शब्द 'पागानुस', म्हणजे खेड्यातला माणूस. रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्म पसरत गेला तसा हा शब्द जुन्या देवांना धरून राहिलेल्यांना चिकटला, आणि मग आमच्या चर्चमध्ये तो कितीतरी शतकं तुच्छतेनेच उच्चारला गेला. मी कॅथलिक आहे, म्हणून हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गोव्यातल्या जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांत हिंदूंना 'जेंतिऊ' म्हटलेलं असतं, तोही याच जातकुळीतला शब्द.

विसाव्या शतकात मात्र ब्रिटन-अमेरिकेतल्या काही लोकांनी हेच नाव आपणहून घेतलं. ऋतू, झाडं, चंद्र, जुने देव-देवी यांना मानणारे हे लोक. विक्का आणि ड्रुइड ही त्यांच्यातली दोन ठळक घराणी. इंग्लंड आणि वेल्सच्या 2021 च्या जनगणनेत सुमारे 74,000 लोकांनी आपला धर्म 'पेगन' असा लिहिला, आणखी सुमारे 13,000 जणांनी 'विक्का'. जवळपास सहा कोटींच्या वस्तीत हा आकडा म्हणजे आमटीतलं मीठसुद्धा नाही. त्यांना आमच्यासारखं पॅरिश नाही, घंटा नाही, शेजारच्या बाकावर बसणारी मावशी नाही. पुष्कळजण एकट्यानेच साधना करतात, भाड्याच्या खोलीत नाहीतर आईवडिलांच्या घरात, जिथे वेदी मांडली तर भांडणच होईल. आणि ब्रिटनमध्ये जुना विचक्राफ्ट कायदा रद्द झाला तोच मुळी 1951 मध्ये. त्यानंतर तीन वर्षांनी जेराल्ड गार्डनर यांचं 'विचक्राफ्ट टुडे' आलं आणि विक्का उघडपणे बोलायला लागली.

अशा माणसाने देऊळ बांधायचं कुठे? मनात.

हे ऐकायला कवितेसारखं वाटतं, पण त्याची पद्धत अगदी सुतारकामासारखी आहे. डोळे मिटायचे, श्वास संथ होऊ द्यायचा आणि एक जागा बघायला लागायचं. ड्रुइड लोकांमध्ये ही जागा बहुतेक वेळा झाडांची राई असते. रॉस निकल्स यांनी 1964 मध्ये स्थापन केलेल्या ड्रुइड संघाच्या शिकवणीतही अशी राई आहे. मराठीत आपल्याला नवा शब्द शोधायला नको, देवराई आहेच. खानापूरकडच्या रानात जे कुणी फिरले असतील त्यांना कळेल, कुऱ्हाड न लागलेल्या झाडांखाली पाय ठेवला की आवाज आपोआप का खाली येतो ते.

मग तपशील. पायाखाली काय आहे, पाचोळा की ओली माती? उजेड कुठल्या बाजूने येतोय? वास कसला? चार दिशांना एकेक करून तोंड करायचं आणि तिकडे काय दिसतं ते नीट बघायचं. 'फार सुंदर जागा' असं नुसतं म्हणून ती उभी राहत नाही. एका खडबडीत बुंध्यावर हात ठेवला की राहते. आणि रोज नवी जागा नाही करायची. तीच वाट, तोच दगड, तेच फाटक, पुन्हा पुन्हा. महिन्याभराने डोळे मिटायचा अवकाश, माणूस तिथे पोचलेला असतो. या सगळ्यात सवयीचा वाटा कल्पनाशक्तीपेक्षा मोठा आहे असं माझं मत झालंय.

फाटक मी सहज म्हणून लिहिलेलं नाही. विक्कामध्ये प्रत्यक्ष विधीच्या वेळी आधी जमिनीवर वर्तुळ आखतात, चार दिशांना आवाहन करतात आणि शेवटी ते वर्तुळ रीतसर उघडतात. मनातल्या जागेलाही तशीच हद्द लागते. ती सुरक्षित असते ती सुंदर असल्यामुळे नाही. आत कोण येणार हे साधक ठरवतो, म्हणून. नको असलेली आठवण, ओरडणारा नातेवाईक, कुणाचा टोमणा आला तर त्याला फाटकाबाहेर उभं करायचा हक्क साधकाचा. बाहेरच्या जगात हा हक्क किती जणांना असतो?

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण मला लंडनमध्ये सापडलं. डायन फॉर्च्यून (1890–1946) या लेखिका आणि गूढविद्येच्या अभ्यासक. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर एकत्र जमणं अवघड झालं, तेव्हा 1939 च्या ऑक्टोबरपासून त्यांनी आपल्या मंडळींना पत्रं पाठवायला सुरुवात केली. रविवारी ठरलेल्या वेळी प्रत्येकाने आपापल्या घरी बसायचं आणि सगळ्यांनी एकाच जागेचं ध्यान करायचं. ही जागा ग्लॅस्टनबरीच्या टेकडीशी जोडलेली होती. टेकडी खरी आहे, सॉमरसेटमध्ये; तिच्या पायथ्याशी त्यांच्या संस्थेची छोटी वास्तूही होती. पुढे बॉम्बहल्ल्यात त्यांच्या लंडनच्या घराला तडाखा बसला, तरी पत्रं चालू राहिली. छप्पर फुटेल, पण वेगवेगळ्या गावांतल्या माणसांनी मनात मिळून धरलेली टेकडी कुठल्या विमानाला दिसणार? गंमत म्हणजे फॉर्च्यूनबाई स्वतःला सरळ पेगन म्हणवून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या, त्यांच्या त्या ध्यानात ख्रिस्तही होता. पेगन मंडळींनी त्यांना आपलं मानलं ते नंतर.

इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना येट्स टाळता येत नाही, तर तोही इथे आहेच. 1890 मध्ये तो लंडनच्या 'गोल्डन डॉन' या गूढ मंडळात दाखल झाला. पुढे आयर्लंडमधल्या लॉख की नावाच्या तळ्यातल्या बेटावर त्याने एक ओसाड किल्ला पाहिला आणि तिथे जुन्या आयरिश देवतांच्या साधनेचं केंद्र काढायचं मनावर घेतलं. मॉड गॉनबरोबर त्याने वर्षानुवर्षं त्याचे विधी ध्यानातून रचले. केंद्र कधीच झालं नाही. किल्ला मनातच राहिला. आणि हाच येट्स 1934 मध्ये एका मराठी माणसाच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहितो. भगवान श्री हंस यांचं कैलास-मानसरोवराच्या यात्रेचं पुस्तक, पुरोहित स्वामींनी मराठीतून इंग्रजीत आणलेलं. मनात किल्ला बांधणारा कवी आणि ब्रह्मदेवाच्या मनातून निघालं असं मानलेलं सरोवर! यावर आपल्या मंडळात कुणीतरी निबंध वाचायला हवा.

आता 'हे आपल्याकडे होतंच' असं म्हणायचा मोह होतो. मानसपूजा आहे, रत्नाचं आसन, स्नान, फुलं, नैवेद्य, सगळं मनात. पण तिथे भर उपचारांवर आहे, जागेवर नाही. आमच्याकडे संत इग्नेशियस आपल्या 'आध्यात्मिक साधने'त (1548) सांगतो की नाझरेथहून बेथलेहेमला जाणारा रस्ता डोळ्यांपुढे आणा, किती लांब, किती रुंद, गुहा केवढी, किती ठेंगणी. पद्धत जवळपास तीच. फरक असा की बेथलेहेमची गुहा माझी नाही. मी तिथे गरीब दासी म्हणून कोपऱ्यात उभी असते, आत कोण येणार हे मी ठरवत नाही. पेगन साधकाच्या राईत तो यजमान असतो. माझ्या दृष्टीने दोन श्रद्धांमधलं खरं अंतर इथे आहे, काळ्या झग्यांत नाही.

आणि तरी आविलाच्या संत तेरेसापाशी आलं की हे अंतर पुन्हा डळमळतं. तिच्या 'अंतरीचा किल्ला' (1577) या ग्रंथात आत्मा म्हणजे सात दालनांचा किल्ला आहे, आणि पहिल्या दालनांत साप-पालीही शिरलेल्या असतात. शेवटी ती मठाच्या भिंतीआड राहणाऱ्या आपल्या बहिणींना सांगते, की या किल्ल्यात फिरायला तुम्हाला वरिष्ठांची परवानगी लागत नाही. सोळाव्या शतकातल्या स्पेनमध्ये, धर्मन्यायालयाची नजर असताना!

हा परवानगीचा मुद्दा माझ्यासाठी नुसता पुस्तकी नाही. माझी एक मैत्रीण दोनेक वर्षं या मार्गाने चालली आहे. नाव लिहीत नाही, कारण घरी कळलं तर तिचं शिक्षण थांबू शकतं. चार बहीणभावंडं एका खोलीत, मेणबत्ती लावली तरी "लाईट गेली काय गं?" अशी हाक येते. तिने मला विचारलं, "तू चर्चला जातेस, तुला हे पाप वाटतं का?" मी म्हटलं, तुझ्या देवीला मी मानत नाही, पण तुझ्या फाटकाला मानते. तिला हे उत्तर पुरेसं वाटलं की नाही, माहीत नाही. ती हसली मात्र.

तिच्याकडून शिकलेल्या दोन गोष्टी सांगते, कारण उत्साहाच्या भरात हे सुरू करणाऱ्यांना त्या सांगायला कुणी नसतं. एक, डोळे मिटल्यावर ज्यांना भीती दाटून येते, जुना आघात वर येतो, त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, किंवा सरळ थांबावं. आघातावर उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञही 'सुरक्षित जागे'चा असाच सराव देतात, पण तिथे समोर जाणता माणूस बसलेला असतो. तसं काही असेल तर राईत एकटं जाण्यापेक्षा आधी त्यांच्याकडे जावं.

दुसरं, परत यायचंच. गेलो त्याच वाटेने, फाटक लावून. मग तळवे जमिनीला टेकवायचे, खोलीतल्या चार वस्तूंची नावं घ्यायची, आणि काहीतरी खायचं. विक्काच्या विधीत शेवटी केक आणि वाईन वाटतात, त्यामागे हेही एक कारण सांगतात. माझ्या मैत्रिणीकडे वाईन कुठली? ती चिरमुरे खाते. पण डब्यात कुंदा असेल तर म्हणे पाचोळ्यावरून एकदम बेळगावात.